दंडावरचा देवीचा वण

"मेलॅनोमा आहे," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या तेव्हा मी एक बूट हातात धरून बसलो होतो. उजव्या तळपायावरच्या काळ्या डागाचं खापर मी वाळूजच्या कंपनीतल्या सेफ्टी शूजवर फोडत आलो होतो. मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे तो झालाच तर बऱ्याचदा तळपायाला होतो. आणि तळपाय बघतो कोण? तुम्ही मात्र आज बघा.

डाग कापून काढला. तरी पुढे नडगीवर गाठी आल्या, गुडघ्याजवळही एक. त्या औषधांना जुमानेनात. आता पाय जाणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

तेव्हा मॅडमनी एका नव्या उपचाराच्या चाचणीबद्दल सांगितलं. ऑन्कोलिटिक व्हायरस, म्हणजे कॅन्सरच्या पेशीत शिरून ती फोडणारा विषाणू. तो गाठीतच टोचायचा. गुण येईलच असा शब्द काही त्यांनी दिला नाही. उलट मलाच विचारलं, "काका, लहानपणी देवी काढल्या होत्या का?"

मी बाही वर केली. देवीच्या लशीचा गोल वण माझ्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर असतो. त्या तो इतका निरखून बघायला लागल्या की मला लाजल्यासारखं झालं.

हा विषाणू त्या लशीतल्या विषाणूपासूनच तयार केलेला होता. माझं शरीर त्याला ओळखत असणार. त्यानं आल्या आल्याच त्याला मारून टाकलं, तर तो कॅन्सरच्या पेशी कशा फोडणार?

"पण उलटंही होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "त्याला मारायला धावलेल्या पेशींना तिथला कॅन्सरही दिसेल. आजवर तो त्यांना दिसतच नव्हता. तुमच्या बाबतीत काय होतंय, ते मलाही बघायचंय."

भीती होतीच, पण आता उत्सुकताही वाटायला लागली. पडेगावला घरी आल्यावर मी आरशात तो वण बघत बसलो.

थोरली बहीण, आक्का, दौलताबादहून भेटायला आली. आमच्या घरी मेंढरं होती. देवी काढणारा माणूस आला तेव्हा मी मेंढरांत जाऊन लपलो होतो आणि आक्कानं मला पाय धरून बाहेर ओढलं होतं. ही गोष्ट ती दर दिवाळीला हसून सांगते. या वेळी मी तिला मॅडमचं बोलणं सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. "म्या वढलं नसतं तर बरं झालं असतं का रं?" तिनं विचारलं. हे तर मॅडमनाही अजून ठाऊक नव्हतं. तसंच तिला सांगितलं.

मी चाचणीला होकार दिला. नडगीवरच्या गाठींत इंजेक्शन दिल्यावर हुडहुडी भरून ताप आला. गाठी तर बसायच्या सोडून टरारून फुगल्या. माझा धीर सुटला. मग बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. सूज कॅन्सर वाढल्याची नव्हती. शरीराच्या लढणाऱ्या पेशींची तिथं गर्दी झाली होती.

नडगीवरच्या गाठी हळूहळू बसल्या. एक मात्र अजून चिवटपणे तग धरून आहे, तिचे उपचार चालू आहेत. सगळ्यांनाच असा गुण येत नाही, हेही सांगायला हवं. पण एकदा अंघोळीला साबण लावताना गुडघ्याजवळची गाठ हाताला लागेना. त्या गाठीला तर सुई टोचलीच नव्हती. मॅडम म्हणाल्या, नडगीवर कॅन्सर ओळखायला शिकलेल्या पेशी फिरत फिरत तिथवर गेल्या असाव्यात. सांगताना त्यांचाच चेहरा फुलला होता.

मी आक्काला फोन लावला. म्हटलं, पाय राहिला.

ती म्हणाली, "उजवाच ना? त्योच धरून वढलं व्हतं म्या तुला."