खंय चढलात?

मास्तर कुणाच्याही शब्दावर लगेच विश्वास ठेवत नसत. लग्नाची पत्रिका हातात दिली तरी आधी उलटून मागची बाजू बघत. ते एसटीत कंडक्टर होते, म्हणून सगळ्यांचे मास्तर. तळेऱ्याच्या फाट्यावर गाडी भरली की प्रत्येकाला, कुठे चढलास म्हणून, एकच प्रश्न, "खंय चढलात?" खरं सांगणाराही त्या नजरेपुढे चाचरायचा. लहानपणी मी तर खिशात तिकीट असूनही घाबरायचो.

अशा माणसाला निवृत्तीनंतर महिनाभरातच फोनवरच्या कुणा गोडबोल्याने गंडवलं. पैसे गेले त्याहून लाज त्यांच्या मनाला जास्त लागली. पंधरा दिवस आचऱ्याच्या बाजारात फिरकले नाहीत. मग एके सकाळी जुनी चामडी बॅग खांद्याला लावून थेट पोलीस ठाण्यात गेले. हे चोर बोलतात कसे, ते एका तरुण हवालदाराकडून वहीत उतरवून घेतलं आणि घरोघर फिरून सांगायला लागले. "माका फसवल्यानी. आता माझ्या गावाक फसवून दाखवा!" लोक वैतागायचे. मी पुण्याहून घरी फोन केला, तरी समोर बसलेले मास्तर आईला विचारायचे, "तो तोच कशावरसून?" मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

आमच्याकडे दर काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला की आख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. गावात पाऊल टाकायचं नाही. त्या वर्षी मीही आलो होतो. दुसऱ्या सकाळी आमचे बाबा, गावचे निवृत्त गुरुजी, चहा अर्धा टाकून, फोन कानाला लावून राहुटीमागे गेले. मास्तरांना तेवढं पुरलं. ते मागोमाग गेले, मीही गेलो.

बाबांना दरदरून घाम फुटला होता. फोनवरचा 'पोलीस' गावातल्या आमच्या घराच्या दारात उभा होता म्हणे. गुन्हा दाखल झालाय, कुणाला सांगाल तर अटक, सगळी शिल्लक तपासासाठी पाठवा. वेस ओलांडून खात्री करायची सोय नव्हती. आयुष्यभराची पुंजी पाठवायला बाबांचं बोट टेकलंच होतं. मास्तरांनी फोन हिसकावून स्पीकर लावला.

"पंच म्हणून तुमच्या शेजाऱ्याची सही घेतोय," पलीकडून आवाज आला.

"शेजारी हय बसान च्याय पिता! आख्खो गाव वेशीभायर आसा. तू खंय चढलस रे?"

फोन बंद झाला. बाबा मान खाली घालून बसले. मास्तर त्यांच्याजवळ टेकत हळूच म्हणाले, "लाजू नकात, गुरुजी. माझो नंबर तुमच्या आधी लागललो."

मी त्यांच्या पाया पडलो, तर म्हणाले, "काय काम आसा?"

गेल्या शिमग्यानंतर पुण्यात मला अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई रडत म्हणाली, मास्तर गेले. तरी मी विचारलंच. आपण कोण? कुठून बोलताय? मास्तरांची बॅग कसली होती? तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. गोव्याला दिलेली त्यांची मुलगी होती ती. मी ओशाळून माफी मागितली.

"नाय रे दादा," ती म्हणाली, "तुझ्याबद्दल बाबांनी सांगान ठेवलला, 'तो इचारतलो. वाईट वाटून घेव नको, सगळा सांग.'"