घरी न सांगितलेला आजार

बुलडाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "ट्युबरक्युलोसिस. म्हणजे क्षय. बरे व्हाल, पण वर्ष-दीड वर्ष औषध सोडायचं नाही. खोली वेगळी करा. आणि पत्नीला तपासायला आणा."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. सुलतानपूरजवळ आमचा वांगी-मिरचीचा मळा. गावात मला मान होता, तो मळ्यामुळे नव्हे. दोघांत बांधाचा वाद निघाला की मला बोलावत. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन मी जिथून चालेन, तो बांध. हा माणूस खोटं चालणार नाही, याची गावाला खात्री होती. मलाही होती.

त्या संध्याकाळी माझ्या बायकोनं, गंगूनं, चुलीपाशी विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?"

"छातीत सर्दी भरली," मी म्हणालो.

मुलीची सोयरीक जवळच्या बीबी गावात ठरत आली होती. क्षयाच्या घरातली पोर कोण करून घेणार? एकदा लग्न उरकू दे, मग सांगू, अशी मी स्वतःचीच समजूत घातली.

स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयाचं इंजेक्शन, घ्यायला मी मिरची विकायच्या निमित्ताने लोणारला जाई. गोळ्या गोठ्यातल्या कोनाड्यात लपवल्या. खोली वेगळी केली नाही. कारण काय सांगणार होतो? आमच्याकडे बाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते. गंगू रोज माझं ताट पुढे ओढून घेई आणि मी बघत बसे. पहिले काही दिवस ते बघवत नव्हतं. पुढे सवय झाली. मला सगळ्यात जास्त लाज त्या सवयीची वाटते.

माझा खोकला थांबला, अंगावर मांस आलं. उन्हाळ्यात गंगूच्या पदराला रक्त दिसलं.

पुन्हा बुलडाण्याचा तोच दवाखाना, तीच खिडकी. तिची दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही यांना सांगितलंच नाही?" गंगू शेजारीच बसली होती. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

वॉर्डात खाटेवर पडल्यावर तीच बोलली. "मले ठाऊक होतं. तेल लावतानी तुमच्या कमरेले सुयांच्या गाठी लागत होत्या."

"मंग ताट काऊन घेत होती?"

"ताट न्यारं केलं असतं, त मले समजलं हे तुम्हाले समजलं असतं. तुम्ही सोता सांगसान म्हून वाट पाहून राह्यली होती."

हा आजार ताटानं नव्हे, बंद खोलीतल्या खोकल्यानं पसरतो, असं डॉक्टरांनी मला समजावलं. तसंच असेल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ताटच येतं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा एक्स-रे काढला. तो साफ निघाला. तिथून एसटीनं बीबी गाठली आणि होणाऱ्या व्याह्यांच्या ओसरीवर उभ्यानंच सगळं सांगितलं. माझा आजार, गंगूचा आजार, माझं खोटं. "पाव्हणे, चहा घेऊन जा," ते म्हणाले. "पण सोयरीक आता नाही जमत."

परत वॉर्डात येऊन गंगूला सांगितलं. या लग्नावर तिचा सगळा जीव होता. ती खूप रडली. मग माझा हात धरून म्हणाली, "खरं बोलले. आता आले तुम्ही घरी."

आठवडाभरात ती गेली.

मी बरा झालो. डॉक्टरांचे उपकार मानतो, पण बरा झाल्याचा आनंद मला कधी झाला नाही. मुलीचं लग्न दोन वर्षांनी झालं, सगळं सांगून. अजूनही कोणी बांधावर बोलावतं. मी आधी गंगूची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, एवढं ऐकून चालत असेल तर ढेकूळ द्या. काही जण देत नाहीत.

तुमच्या घरी हा आजार आला तर औषध घ्याच. पण त्याआधी, पहिल्याच संध्याकाळी, खरं सांगा. घरी कोणीतरी विचारतंच. मलाही विचारलं होतं.