तीन पिशव्या मासे आणि आईची स्वच्छता

झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो, आणि मी अतिहुशार असल्यामुळे विषय घेतला: नदीतले मासे पाण्यातल्या किड्यांना कधी गाठतात. म्हणजे किडा दगडाखाली अळी असताना, पंख फुटत वर येताना, की उडायला लागल्यावर. उत्तर माशाच्या पोटात असतं. सोप्पं. सोमवारी पोटातला ऐवज बाटल्यांत घालून सरांना दाखवायचा, नाहीतर प्रोजेक्ट बाद.

शनिवारी अलोऱ्याला नदीवर गळ टाकून अख्खा दिवस बसले. येणारा-जाणारा प्रत्येक काका मला गळ कसा धरायचा ते शिकवून गेला. एकाच्याही हातात मासा नव्हता. तरी मी तीन पिशव्या भरल्या, वर मार्करने लिहिलं: सकाळ, दुपार, संध्याकाळ. फ्रीजमध्ये ठेवल्या आणि झोपले, शास्त्रज्ञासारखी.

रविवारी पहाटे उठले तर दोरीवर तीन पिशव्या वाळत होत्या. धुतलेल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, चिमटे लावून. मासे सगळे एकाच टोपात, हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून. आतडी मांजरीने केव्हाच संपवलेली. तिचा प्रोजेक्ट पूर्ण.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आई शांत.

"एवढी बोटभर मासळी, रात्री दोन तास बसलेय साफ करत. थँक्यू म्हण."

मग विळी पुसता पुसता तिने सहज सांगितलं, की सकाळच्यांच्या पोटात नुसत्या अळ्या नि वाळू होती, दुपारच्यांत चुरगळलेले अर्धवट पंख, आणि संध्याकाळच्यांत तर पंखच पंख, म्हणून ते तिने तीनदा धुतले. मी वर्षभर ज्यासाठी वाचत होते ते हिला विळीवर कळलं होतं. छान.

"मग हेच सांग ना सरांना," ती म्हणाली. हो, सर म्हणणार, आईला बाटलीत घालून आण.

चहाही न घेता परत नदीवर. परत सगळे काका. संध्याकाळी घरी आले तर आई तीन वाट्या मांडून विळीवर बसलेली, मांजर खोलीत कोंडलेली. माझ्या ब्लेडने पहिलंच पोट आतड्यासकट फाटलं. तिच्या विळीवर ते चेन उघडावी तसं उघडत होतं.

सोमवारी सरांनी बाटल्या उजेडात धरल्या. किड्याचा एकही पंख तुटलेला नव्हता.

"कापलंय कुणी हे? हातात सफाई आहे."

"मी, सर."