उभे वकील आणि त्यांची रविवारची कचेरी

उभे वकील बसून कधी बोलत नसत. पाणी मागायचे असले तरी जागेवरून उठत, उपरणे सारखे करत आणि मग म्हणत, "पाणी द्या." समोरच्यानेही उठूनच बोलावे असा त्यांचा हट्ट. कोणी बसल्या बसल्या काही सांगू लागला की हात वर करून त्याला थांबवत. "उभा राह्य. बसून मानूस कायबी बोलते. उभं राहिलं म्हंजे पायाले समजते, आपन काय बोलून राहिलो ते." अमरावतीच्या बाजारात त्यांचे खरे नाव फार थोड्यांना माहीत होते. मला माहीत आहे, पण मी ते लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

वकील तर ते नव्हतेच. नांदगावाकडच्या एका पटवाऱ्याचा हा मुलगा वकिलीच्या सनदेच्या परीक्षेची तयारी करत होता. तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे आमच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. भाव आला तशी भांडणे आली आणि कचेरीचे अंगण माणसांनी भरून गेले. चार अक्षरे येणारा जो तो कायदा वाचू लागला. पण कायदा शिकवणारी शाळा वऱ्हाडात कुठेच नव्हती. तेव्हा उभ्या वकिलांनी अकरा जण जमवून एक मंडळी काढली. देवळामागच्या धर्मशाळेत दर रविवारी, कचेरीला सुटी असे तेव्हा, यांची कचेरी भरायची. पाळीपाळीने एक जण न्यायाधीश आणि दोघे वकील होत, बाकीचे चुका टिपत. लागोपाठ चार रविवार ज्याची एकही चूक निघाली नाही, त्याला लाल काठाचे उपरणे मिळायचे आणि त्याचे नाव लाकडी पाटीवर काजळाने लिहिले जायचे. तीन वर्षांत त्या पाटीवर पाचच नावे चढली. पहिले नाव उभ्या वकिलांचे.

सगळे होते, पण या कचेरीला आरोपी मिळत नव्हता. खोटाखोटा का होईना, आरोपी व्हायला एकही तयार नाही. आरोपी झालेला परीक्षेत पडतो, असे त्यांच्यात कोणीतरी पसरवून ठेवले होते. मी कापसाची गाडी घेऊन बाजाराला यायचो आणि त्याच धर्मशाळेत उतरायचो. बावीस-तेवीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. शाळेत चार महिने गेलो असेन. तेवढ्यात स्वतःचे नाव लिहायला शिकलो आणि शाळेला रामराम ठोकला. एका रविवारी उभे वकील माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"गनपतराव, आरोपी होता का जी?"

मला गाडीवाल्याला कोणी राव म्हटले नव्हते. मी म्हणालो, "होतो. पन खोटं बोलनार नाई."

सगळे हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग तर चांगला आरोपी भेटला."

दीड वर्ष मी आरोपी होतो. दरोडा घातला, शेजाऱ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरला, एकदा खूनही केला. मंडळीतला एक जाडा कारकून, पाटीवर ज्याचे नाव दुसरे होते, तो मला बाजारात हाक मारायचा, "काय बे खुनी, भाजी घेतली का?" मीही सोडायचो नाही. "घेतली जी. तुमच्या पोटाले पुरन येवढी नाई."

उभ्या वकिलांचा दुसरा हट्ट कागदाचा. रविवारच्या कचेरीतला जबाब अगदी खऱ्या कचेरीसारखा लिहिला जायचा. वरचा मथळा, खालची ओळ, काही सुटायचे नाही. जाडा कारकून म्हणाला, "वर लिहून तं ठेवा, हा शिकासाठी हाय म्हनून." ते उठले. "खोटा म्हनून लिहिला का हात ढिला पडते. लिहायचं तं खरं समजून लिहा." सही मात्र ते कल्पित नावाने घ्यायचे आणि पुढे निशाणी म्हणून नांगर काढायला सांगायचे, कारण आमच्याकडे न लिहिणारा शेतकरी नांगराचेच चित्र काढतो. पहिले काही रविवार मी नांगर काढला. एकदा मात्र अडून बसलो. कापसाच्या बोजांवर पाणी मारून वजन वाढवल्याचा तो जबाब होता.

"मले नाव लिवता येते. मी नांगर कावून काढू?"

"गनपतराव, हे तुमचं नाव नाई. आरोपीचं हाय."

"आरोपी कोन हाय? मीच ना?"

अकरा शिकलेल्या माणसांपुढे मला माझे नाव लिहून दाखवायचे होते. त्यांना ते कळले असावे. त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. वर काय लिहिले आहे ते मला वाचता येत नव्हते. मी खाली नाव लिहिले, मोठ्या अक्षरात.

पुढच्या हंगामात एका अडत्याच्या आवारात बोजे ओले निघाले. माल माझ्याच गाडीने आला होता. शिपायांनी धर्मशाळेतल्या माझ्या सामानाची झडती घेतली, तेव्हा शेजारच्या कोनाड्यातला मंडळीच्या कागदांचा बस्ताही सोडला. त्यात माझा जबाब निघाला. पाणी मीच मारले, असे सांगणारा, कचेरीच्या मथळ्याचा, माझ्या सहीचा. जमादार म्हणाला, "लेका, कबुली देऊन बसला अन् आता नाई म्हनते?"

उभ्या वकिलांची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. कचेरीचा मथळा खासगी कागदावर लिहिणे म्हणजे केवढा गुन्हा, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? जाड्या कारकुनाने त्यांना चावडीच्या दारातच गाठले. मी आत कोठडीत होतो, मला सगळे ऐकू येत होते.

"गाडीवाला सा महिन्यांनं सुटून येईन. तुमची सनद गेली तं येनार हाय का? चूप बसा."

"मी बसून बोलत नाई अन् बसून चूपही राहत नाई," उभे वकील म्हणाले.

ते गजाजवळ आले तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ केली. म्हणालो, "मले कोनाचे उपकार नको."

"उपकार कायचे? साक्ष हाय," एवढेच बोलून ते गेले.

साहेबापुढे ते ताठ उभे राहिले. कागद रविवारच्या सरावाचा, माझ्या हातचा, मथळा माझ्या हातचा, या माणसाला वाचता येत नाही, त्याने फक्त सही केली, असे त्यांनी सांगितले. साहेबाने विचारले, "कोणाच्या परवानगीने लिहिले?" ते म्हणाले, "कोनाच्याच नाई." मी सुटलो. त्यांचे नाव उमेदवारांच्या यादीतून कायमचे काढले गेले.

त्यानंतरच्या रविवारी मंडळी जमली. सरकारदरबारी ज्याला ठपका लागला त्याचे उपरणे परत घ्यावे, असा मंडळीचा नियम होता. तो त्यांनीच लिहिलेला. पाटीवरच्या बाकी चौघांपैकी एकानेही मान वर केली नाही. कोणी काही बोलण्याआधी ते उठले, उपरणे काढले, चार घड्या घालून जाजमावर ठेवले. मग माझ्या गाडीतले खुरपे मागितले. मी दिले. पाटीवरचे पहिले नाव त्यांनी खरवडून काढले, अक्षर न् अक्षर, लाकूड पांढरे होईपर्यंत. म्हणून ते नाव मी लिहीत नाही.

पुढे ते अकोल्याला गेले आणि कचेरीबाहेर लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहू लागले. दिवसभर मांडी घालून, पाटावर कागद घेऊन. बोलायचे तेही बसूनच. त्यांच्यासमोरून त्यांच्याच मंडळीतले तिघे सनदी वकील होऊन आत जात. जाडा कारकून त्यातलाच. तो एकदा शिपायाला म्हणाला, "पाह्य, उभे वकील बसले." मी तिथेच होतो. हात उचलणार होतो, त्यांनी धोतर धरून मला खाली ओढले. "बसा गनपतराव. काल कुठपर्यंत आलो होतो?"

कारण ते मला वाचायला शिकवत होते. अकोल्याची खेप असली की मी त्यांच्याजवळ बसायचो. "नाव लिवता येते ते पुरत नाई. नावाच्या वरचं वाचता आलं पायजे," असे म्हणायचे. दोन हंगामांत मी वाचू-लिहू लागलो. चुकलो, माझ्या हट्टापायी तुमचे सगळे गेले, एवढे एक वाक्य त्यांना सांगायचे होते. ते उभे राहूनच सांगायला हवे होते आणि दरवेळी माझी ताठ मान आडवी यायची. पुढच्या खेपेला सांगू, असे म्हणत राहिलो. एका खेपेला लिंबाखाली दुसराच अर्ज लिहिणारा बसला होता. पटकीच्या साथीत पहिल्याच आठवड्यात ते गेले, असे त्याने मान वर न करता सांगितले.

आता माझे गुडघे राहिले नाहीत. तरी नातवाला दौत खुंटीजवळच्या उंच फळीवर ठेवायला लावली आहे. वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचून पाहिला, तो खरा आहे. चूक माझी होती. सही उभा राहून करतो आहे.

गणपत