सासुरवाडीची पायवाट

शेषरावांना सासुरवाडीची वाट ठाऊक नव्हती आणि हे सांगायला त्यांना तोंड नव्हतं. इंझोरीत माणसानं काहीही विसरावं; पण दरसाल पायी सासुरवाडीला जाणारा जावई ती वाट विचारत फिरतो आहे, असं कळलं असतं तर चहाच्या टपरीवर वर्षभर दुसरा विषय निघाला नसता. कुण्याही म्हाताऱ्या गुराख्यानं बोट दाखवून काम उरकलं असतं. पण शेषराव पडले मानी. त्यांनी मोबाईलला विचारायचं ठरवलं. मोबाईल निदान हसत तरी नाही.

खरं तर ते वाट विसरले नव्हते. त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. सावरखोरा हे भागिरथाचं माहेर, टेकड्यांच्या पलीकडे. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी पहाटेच दोघं निघायची. पायवाट एका माणसाची, दोन्हीकडून झुडपं अंगावर येणारी. डोक्यावर गाठोडं घेऊन भागिरथा पुढं आणि शेषराव मागं. माहेरची वाट तिची, मग आपण कशाला डोकं लावायचं? त्यांना दिसायच्या तिच्या टाचा आणि लुगड्याच्या काठाला चिकटलेली कुसळं. ऐकू यायचं तिचं बोलणं. मागं वळून न पाहता ती बोलत राहायची, इतकं की उन्हं केव्हा चढली ते कळायचं नाही. परतताना साळा, जानराव, आपल्या गाडीतून डांबरी रस्त्यानं आणून सोडायचा. म्हणजे ती वाट त्यांनी उलट्या बाजूनंही कधी पाहिली नाही.

पुढं घरात मोटारसायकल आली, तरी भागिरथा म्हणायची, "पायीच जाऊ." पोरीला मात्र ती आजीसोबत बसनं पाठवायची, म्हणायची, पोर थकते. बायामाणसं चिडवायची, माहेरची लई ओढ हाये वं तुले! शेषरावही त्यांच्यात सामील असायचे.

मागच्या पावसाळ्याआधी भागिरथाच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या रस्त्यातच सगळं आटोपलं. तेव्हापासून शेषरावांच्या मनानं एकच गोष्ट धरली होती. त्या वाटेवर शेवटच्या चढाला एक जागा होती, जिथून सावरखोऱ्याची घरं पहिल्यांदा दिसायची. तिथं भागिरथा गाठोडं उतरवायची, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुवायची आणि "दिसलं" म्हणून बसून राहायची. बराच वेळ. त्या जागी एकदा जाऊन बसायचं होतं, बस. गुडघे कुरकुरायला लागले होते. औंदा नाही तर मग कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं.

पोरगी धम्मदीपा जवळच्याच उपकेंद्रात नर्स होती. रविवारी घरी आली तेव्हा तिला त्यांनी हळूच विचारलं, "दीपा, मोबाईलमंधी जंगलातली वाट दिसते का?"

"कोणती वाट?"

"तुह्या आईची."

चूल तशीच ठेवून दीपा बापाशेजारी येऊन बसली.

सगळ्यांच्या फोनमध्ये असतो तो नकाशा तिनं आधी उघडला. त्यानं ऐटीत डांबरी रस्ता दाखवला. चालणाऱ्या माणसाचं चित्र दाबलं तरी तोच रस्ता, टेकड्यांना लांबलचक वळसा घालून. "याले पायानं चालणं ठाऊकच नाही," शेषराव म्हणाले. दुसऱ्या ॲपमध्ये आभाळातून काढलेले फोटो होते आणि डोंगराच्या उंचीच्या रेषा. शेषराव हरखून गेले. आपल्या घराचे पत्रे ओळखून त्यांनी दोनदा बोट ठेवलं. पण ते रेंजवर चालणारं, आणि टेकड्यांत रेंज कुठली? तिसरं ॲप दिसायला अगदीच साधं. नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा, मग रेंज नसली तरी आपण कुठं उभे आहोत ते दाखवणार. पायवाटा म्हणजे नुसत्या तुटक रेघा.

दीपाचं मत फोटोवाल्याकडे झुकत होतं. शेषरावांनी मात्र परीक्षा काढली. "आपल्या वावराची पांदण दाखव म्हणा याले." घरापासून शेतापर्यंतची ती गाडीवाट त्यांच्या पायाखालची. पहिल्या नकाशाला ती माहीतच नव्हती. फोटोवाल्यात बाभळींच्या सावलीत शिरली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. साध्या ॲपमध्ये मात्र पांदण शेवटपर्यंत होती, नाल्याजवळचा वळसासुद्धा.

"हे पास," शेषराव म्हणाले.

"बाबा, या रेघा लोकायनंच टाकल्या असतात. जो चालला, त्यानं टाकली."

"मंग तं चांगलंच. चाललेल्या माणसाचीच पाह्यजे."

सावरखोऱ्याकडे जाणारी टेकड्यांतली रेघ एकच होती. एक गाव, एक माहेर, मग वाट दुसरी असेलच कशाला? शेषरावांनी ती भागिरथाचीच धरली आणि इथंच ते फसले.

तूर घरात आल्यावरच्या एका रविवारी बापलेक पहाटे निघाले. फोन शेषरावांच्या हातात. जन्मात पहिल्यांदा ते या रस्त्याला पुढं होते. फोनमधली बाई हिंदीतून सांगायची, दाएँ मुड़िए, बाएँ मुड़िए. त्यापुढं चकार शब्द नाही. "लई कमी बोलते बा हे," ते म्हणाले आणि दीपा हसली. साग निघाले, पळस पेटलेले होते, एक कोरडा नाला लागला. शेषराव प्रत्येक चढावर थांबून पाहत. काहीच ओळखीचं वाटेना. ज्या वाटेवर आपण फक्त टाचा पाहिल्या, ती ओळखायची तरी कशावरून? त्यांना स्वतःचाच राग आला. आणखी एक टेकाड चढले आणि समोर सावरखोऱ्याची विहीर! ऊन अजून कोवळंच होतं. ती जागा आलीच नव्हती.

जानरावाची बायको पंचफुला अंगण झाडत होती. ती खराटा तसाच धरून उभी राहिली.

"भाऊजी! अन् इकून काहून आले? हे तं गुरायची वाट हाये."

"मंग भागिरथा कोण्या वाटेनं येत होती?"

"ताई? त्या तं वरच्या टेकडीवरून, पार वळसा घालून. दुपार करत. तुमीच तं संगं राहत होते!"

दीपानं फोन पुढं केला. "मामी, याच्यात हे एकच वाट हाये. आईले ठाऊक नव्हती का?"

"ठाऊक नसाले काय झालं? लहानपणी शेळ्या घेऊन याच वाटेनं जाये ना ते." पंचफुला ओट्यावर टेकली. मग शेषरावांकडे न पाहता म्हणाली, "म्या इचारलं होतं एकडाव. ताई, जवळची वाट सोडून उन्हातान्हाची तिकून काहून येता वं? तं म्हणे, वयनी, आमच्या दोन खोल्यांत दहा माणसं. वरीसभर ह्यायच्यासंगं बोलाचं म्हटलं तं मीठ सरलं अन् बैल सुटला, एवढंच. त्या वाटेनं मले ते अर्धा दिवस भेटतात."

शेषरावांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला. पाणी काही प्यायले नाहीत. माहेराच्या ओढीनं पळते असं ज्या बाईला सगळ्या गावानं चिडवलं, ती माहेर लांब करत होती. पोरीला बसनं पाठवत होती. आणि आपण? आपण मागून ओरडत होतो, चाल ना वं, ऊन होऊन राह्यलं. त्या चढावर ती बसायची तेव्हासुद्धा, दिसलं तं चाल ना मंग! पोरीसमोर, पंचफुलासमोर ते ढसाढसा रडले. भागिरथाला नेलं त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

जेवणं झाल्यावर जानराव गाडीची किल्ली घेऊन आला. शेषराव म्हणाले, "गाडी नोको. ते वरची वाट मले दाखव."

ऊन उतरायला लागल्यावर जानरावानं त्यांना गावाबाहेर आणून वाटेला लावलं. ॲपमध्ये तिथं काहीच नव्हतं, कोरा हिरवा रंग. दीपानं आपण चाललो तशी रेघ उमटत जाईल असं बटण दाबलं. तरी फोनमधली बाई सारखी सांगत राहिली, वापस मुड़िए, वापस मुड़िए. दीपा तिला गप्प करायला गेली तर शेषराव म्हणाले, "राहू दे. तिले काय ठाऊक?"

चढ संपला. वाट तिथं एका सपाट खडकाला बिलगून वळत होती. शेषरावांनी मागं पाहिलं आणि सावरखोऱ्याची घरं दिसली, सगळीच्या सगळी. ते खडकावर बसले, एका कडेला. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी राहिली. दीपा पुढं जाऊन सागाखाली उभी राहिली.

तिला बापाचा आवाज ऐकू आला. कधी नव्हे तो माणूस एकटाच बोलत होता.

"भागिरथे, एकडाव सांगतलं असतं वं मले. म्या हळू चाललो असतो."