तो धुरा, ती धुरा

माझं माहेर जामचं. चौरस्त्यावर वडिलांचं दुकान, समोरून दिवसभर ट्रक. आमच्या पायाला माती कधी लागलीच नाही, लागली ती धूळ. शाळेत मात्र माझं मराठी फार चांगलं होतं. प्रत्येक निबंधात कुणी ना कुणी कुटुंबाची धुरा समर्थपणे सांभाळायचं. धुरा म्हणजे काय असं विचारलं असतं, तर मी मान ताठ करून सांगितलं असतं, जबाबदारी, आणखी काय.

लग्न होऊन पिपरी मेघेच्या पलीकडच्या या गावात आले, त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "आता धुरा तू सांभाळजो."

मी हरखले. सासू असावी तर अशी, आल्या आल्या घर सुनेच्या हाती दिलं. मी पदर खोचला, त्यांच्यापुढे जाऊन हात पसरला आणि कोठीच्या किल्ल्या मागितल्या. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. किल्ल्या त्यांच्या कमरेलाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विळा दिला, वावरात नेलं आणि वरच्या अंगाच्या मातीच्या बांधावर उभं केलं.

"हा धुरा," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. तो धुरा. माझी ती धुरा पुस्तकातच राहिली. पुढे कितीतरी वर्षं घरात पाहुणे आले की सासूबाई ही गोष्ट सांगायच्या, आणि माझ्या हात पसरण्याची नक्कल अशी करायच्या की मलाही हसू आवरायचं नाही. आवरायचं नाही म्हणते, पण तेव्हा मी चुलीकडे तोंड करून दातओठ खात असे.

काम साधं होतं. धुऱ्यावरचं गवत बैलांसाठी कापून आणायचं, उंदराचं बीळ दिसलं तर बुजवायचं. पण मी पडले दुकानदाराची लेक, त्यातून अपमान झालेली. ठरवलं, आता यांना काम काय असतं ते दाखवतेच. मी गवत कापलं नाही, मुळासकट उपटलं. कुंदा, हराळी, बोरीची पोरटी रोपं, काही ठेवलं नाही. धुरा दुकानाच्या ओट्यासारखा लख्ख केला आणि घरी येऊन शाबासकीची वाट पाहत बसले.

शाबासकी पावसाने दिली. उघडा धुरा मधोमध फुटला आणि खालच्या तुकड्यातली काळी माती नाल्यात गेली. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला फुटलेल्या जागी नेऊन खाली वाकायला लावलं. काळी जिथून गेली तिथं पिवळट, खड्यांची जमीन उघडी पडली होती. मूठ भरून दाबली तर गोळा होईना, बोटांतून सांडून गेली. याले बरड म्हणते, त्या म्हणाल्या, इथं आता काही खरं नाई. मग नाल्याच्या काठावरून कुंदा गवताचे ठोंब आणवले आणि नव्या धुऱ्यावर माझ्या हातांनी लावून घेतले. तिरपा लागला की उपटून माझ्या हातात परत.

धुरा परत बांधता आला. काळी परत आली नाही. आजही तेवढ्या जागेत कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याशी थांबते आणि बाजूची माझ्या छातीला लागते. शेणखत टाकलं, तूर घेतली, पालापाचोळा पुरला. आता कुठं एखादं गांडूळ तिथं भाड्याने राहायला येऊ लागलं आहे. तोवर माझे केस पांढरे होऊन गेले.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या वरचं वावर. ते विकलं गेलं आणि त्याचं लेआउट झालं, घरांचे प्लॉट पडले. तिथं पूर्वी ज्वारी असायची, कडेला पळसं. आता मोठी कमान आहे, पांढरे रंगवलेले दगड आहेत आणि सिमेंटचे रस्ते आहेत. काळ्या मातीवर भिंती तडकतात म्हणून त्यांनी आधी काळीच खरवडून ट्रकांत भरून नेली आणि तिच्या जागी मुरूम ओतला. नंतर तिथं राहायला आलेली एक बाई बादली घेऊन माझ्याकडे आली. तुळस जगत नाही, थोडी काळी माती द्या म्हणाली. मी दिली. देताना एवढंच म्हणाले, तुमच्या अंगणात पुष्कळ होती, बाई. ती बिचारी हसली, काय समजली कोण जाणे.

पण पाण्याचं काय करणार? ज्वारी होती तेव्हा वरचं पाणी मुरत, रेंगाळत खाली यायचं. आता ते सिमेंटवरून मोटरसायकलवर बसल्यासारखं येतं. येऊन धडकतं कुठं, तर माझ्या धुऱ्यावर. आतापर्यंत त्याने ते थोपवलं, कारण त्यावर सासूबाईंचा कुंदा आहे. मुळं अशी गेलेली की विळा लावला तर विळाच बोथट होतो.

लेआउटवाल्याला ते थोपवणं नको होतं. तो वर्ध्यात माझ्या मुलाच्या ऑफिसात जाऊन त्याला भेटला. धुरा सपाट करू द्या, आमचं पाणी तुमच्या वावरातून नाल्यात जाईल, आणि त्या बदल्यात तुमचं सगळं वावर फुकटात सारखं करून देतो. मुलगा हो म्हणून आला. जेवताना मला समजावू लागला की ट्रॅक्टर सरळ जाईल, पऱ्हाटीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, वाढतील, आणि माती थोडी गेलीच तर खताची एक बोरी जास्त टाकू. मी विचारलं, बोरीतून काळी निघते का? तो म्हणाला, तू जुन्या काळात आहेस. मी म्हणाले, आहेच, आणि तिथं पऱ्हाटी छातीला लागते.

दोन-तीन दिवसांनी सकाळी जेसीबीचा आवाज आला. मी भाकरी तव्यावर तशीच टाकली, घोंगडं घेतलं, वावरात गेले आणि धुऱ्यावर मांडी घालून बसले. चालवणारा खाली उतरला. भला माणूस. म्हणाला, "आजी, उठा ना, मले दुसरीकडं बी जायचं आहे."

"मंग जाय," मी म्हटलं. "मी काई तुले धरून नाई ठेवलं."

त्याने मशीन बंद केली आणि मुलाला फोन लावला. मुलगा ऑफिसच्या अर्ध्या वाटेवरून परत आला. इस्त्रीची पॅन्ट, गळ्यात ओळखपत्र. कमानीपाशी लेआउटवाला उभा, दोन बायका गच्चीवर. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, लोक पाहून राह्यले. आता घराची धुरा आमच्याकडे दे ना."

माझंच शिकलेलं मराठी. मला इतकं हसू आलं की ठसका लागला. "ती धुरा ने," मी म्हटलं. "कधीचीच न्यायची होती, पाठ मोडली माझी. हा धुरा नाई देत. खाली ते बरड पाह्यलं? ते माहं काम आहे. अजून एक बरड तुह्या नावाचं करून ठेवतो काय?"

त्याने खालच्या बरडाकडे पाहिलं. लहानपणापासून त्या तुकड्यातली आखूड पऱ्हाटी त्याने पाहिली होती, कारण मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. सासूबाई पाहुण्यांना किल्ल्यांची गोष्ट सांगत, फुटलेल्या धुऱ्याची त्यांनी एकदाही सांगितली नाही. मग त्याने चालवणाऱ्याला मशीन घेऊन जायला सांगितलं. लेआउटवाल्याकडे मात्र तो गेला नाही. ते माझ्यावर सोडलं.

आणि लेआउटवाला आलाच, जोराचा पाऊस पडून गेल्यावर. पाणी धुऱ्याला लागून वळलं होतं आणि त्याच्याच कमानीखाली साचलं होतं. तुमच्या धुऱ्यामुळं आमचं पाणी अडलं, तो म्हणाला. "तुमचं आहे नं?" मी म्हटलं. "मंग तुमच्याचपाशी ठेवा. मले काऊन देऊन राह्यले?" त्याने तोंड वाकडं केलं आणि महिन्याभराने रस्त्याच्या कडेने नाल्यापर्यंत नाली खोदली. खोदता येत होती तर.

पुढच्या वर्षीही तो येईल. तो नाही तर दुसरा. येऊ द्या. गुडघे दुखतात, पण बसायला गुडघे लागत नाहीत.

परवा रविवारी मुलगा पॅन्ट वर दुमडून वावरात आला. धुऱ्याची एक बाजू खचली होती, तिथं लावायला त्याने नाल्यावरून कुंद्याचे ठोंब आणले होते. लावले तेही तिरपेच. मी उपटून त्याच्या हातात परत दिले. त्याने पुन्हा लावले.

किल्ल्या काही मागितल्या नाहीत. माझ्यापेक्षा शहाणा निघाला.