मामाच्या पेटीतली आवळलेली स्प्रिंग

मामा मलकापूरला मोटारी दुरुस्त करायचा. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं आणि सुट्टीत मी तिथंच पडलेली असायची. तो जाऊन दोन वर्षं झाल्यावर मामीनं त्याची हत्यारांची लाकडी पेटी माझ्याकडे चिखलीला पाठवली. "तुलेच नाद होता या लोखंडाचा," ती म्हणाली.

रविवारी सकाळी अंगणात गोणपाट पसरून मी सगळं मांडलं. पाने, पकडी ओळखीच्या होत्या. बाकीच्यांचे फोटो काढून मी चाचांना पाठवत गेले. चाचा म्हणजे मामाचे जुने जोडीदार, इथं चिखलीतच राहतात. टोकाला रबराची वाटी असलेली काडी इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची निघाली. तीन पायांचा लोखंडी कोळी होता, तो घट्ट बसलेलं बेअरिंग ओढून काढायचा पुलर. मी एकेकाला चिठ्ठी बांधत होते.

मग तळातून ते जड धूड निघालं. अंगठ्याएवढ्या जाड सळईची स्प्रिंग, तिच्या दोन्ही अंगांना आटे पाडलेले दोन लांब दांडे, आणि दांड्यांचे आकडे स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकलेले. वेढे एकमेकांना जवळजवळ टेकले होते. फोटो पाठवला, पण उत्तर येईना. सुटं करून रॉकेलमध्ये टाकावं, म्हणून मी एका नटाला पाना लावला. दोन फेरे सहज फिरला. तिसऱ्याला स्प्रिंग करकरली आणि किंचित वाकडी झाली.

तेवढ्यात फोन वाजला.

"बेटी, त्याले हात लावला काय?"

"हाव चाचा, एक नट सैल करून राह्यली."

"सोड! पाना तसाच राहू दे. तिच्या तोंडासमोर कोण हाये?"

समोर माझा नवरा खुर्चीत पेपर वाचत बसला होता.

"उठा तिथून," मी म्हणाले.

"काऊन?"

"अगोदर उठा!"

माझा आवाज ऐकून तो चपला न घालताच बाजूला झाला.

"मोटारीच्या पुढच्या चाकाची स्प्रिंग हाये ते, दाबून धरलेली," चाचा सांगत होते. "सुटली तर गोळीवानी जाईन. दोघंबी घरात जा. मी येऊन राह्यलो."

आम्ही खिडकीशी उभे राहिलो. शेजारची शेळी उघड्या फाटकातून आत आली आणि सरळ गोणपाटाकडे निघाली. नवरा हाड् हाड् करत होता, तिला फिकीर नव्हती. तिनं गोणपाटाचं टोक ओढलं. पाना नटावरून निसटून खाली पडला. शेळी दचकून पळाली, स्प्रिंग मात्र जागची हलली नाही.

चाचा रिक्षातून साखळी घेऊनच उतरले. आम्हाला हातानंच लांब थांबवून ते स्प्रिंगच्या बाजूला उकिडवे बसले. वेढ्यांतून साखळी ओवून त्यांनी ती अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याला आवळली. मग एका नटाला अर्धा फेरा, दुसऱ्याला अर्धा. मध्येच थांबून ते कान देऊन ऐकत. किती वेळ गेला कोण जाणे. अचानक एक आकडा घसरला आणि धाडकन आवाज झाला. साखळी ताणली गेली, बुंध्याची साल उडाली. चाचा मागे कोलमडून बसले होते, हात छातीशी धरून.

"लागलं काय?" मी ओरडले.

"नाही लागलं." साखळी सैल करता करता ते म्हणाले, "तुझा मामा अशी दाबून ठेवणारा नव्हता. काम अर्धं सोडून उठला असन तो."

दुपारी मी मामीला फोन केला. सगळं सांगितलं.

"ते पेटीत टाकून उठले, त्याच दिवशी छातीत दुखलं त्याईच्या," ती म्हणाली. "दवाखान्यातबी सांगत होते, पेटीले हात नको लावू. मले वाटलं, बरा होऊन मीच आवरतो म्हणतात. दोन वर्षं त्याच पेटीवर बसून मी भाजी निवडली, बाई."